बाभळीचं दूध

ह्या मंगळवारीही बाभळीला दूध फुटलं होतं, आणि ते बघायला अक्कलकोट रोड एमआयडीसीतली माणसं यंत्रमागाची पाळी बुडवून त्या आडगावात आली होती. देवळामागच्या हौदावर वाकलेल्या फांद्यांना पांढऱ्या फेसाचे गोळे लटकत होते. देवळात उतरलेले महाराज पळीनं ते खरवडून एकेकाच्या तळव्यावर ठेवत होते.

“जगात कुटंच न्हाय असला बेडूक देवानं हितंच का धाडला? ह्या दुधाच्या राखणीला! मी न्हाय, कालेजच्या मॅडम सांगत्यात!”

गर्दीतल्या धम्मप्रियाला घाम फुटला. मॅडम म्हणजे तीच. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता तिनं तीन वर्षं ह्या हौदावरचे झाडबेडूक मोजले, त्यांचे आवाज टिपले, इतर जातींशी ताडून पाहिले आणि नवी जात म्हणून त्यांचं वर्णन छापून आणलं. पेपरात बातमी आली, ती महाराजांनी वाचली. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचं, दुसरं काय!

मेंढरं राखणारी गोजाबाई नातीला, पूनमला, पुढं घेऊन उभी होती. पूनमला आकडी यायची.

“गोळ्या चालू आहेत ना?” धम्मप्रियानं विचारलं.

“बंद केल्या की. दूध आन् गोळी एका पोटात चालत न्हाय म्हनं. परवा दोनदा आकडी आली, पर त्यो गुण येतोय म्हनत्यात म्हाराज.”

धम्मप्रियाला राग आला, आणि रागापेक्षा जास्त शीण. तेच ते किती वेळा सांगायचं? तरी ती पुढं झाली. “हे दूध नाही. बेडकी अंगातला द्रव पायांनी घुसळून हा फेस करते. आत तिची अंडी आहेत.”

“अमृताचे कण हायती ते!” महाराज गरजले. लोक हसले, तेही तिलाच.

“मग एक गोळा आठ दिवस खरवडू नका. काय होतं ते सगळे बघू.”

“देवाचा कोप हुईल!”

“एका गोळ्यानं देव गरीब हुतोय व्हय?” गोजाबाई म्हणाली, आणि काठी टेकून एका गोळ्याच्या फांदीखाली राखणीला बसली. पूनमला औषधाची गोळी मात्र तिनं दिली नाही. आधी बघू दे, म्हणाली.

सहाव्या दिवशी फेस पातळ झाला आणि त्यातून टपटप पिल्लं हौदात पडली. शेपट्या हलवत पोहायला लागली. आजवर दर मंगळवारी ताजा फेस खरवडून खाल्ल्यामुळं हे कुणी पाहिलंच नव्हतं. दोघंतिघं बाजूला जाऊन थुंकले.

“पर हे मंगळवारीच कसं फुटतंय?” कुणीतरी विचारलं. पावसानं तर महिनाभर ओढ दिली होती.

“सोमवारी म्हाराजाचा ट्यांकर हौद भरतोय की,” गोजाबाई म्हणाली. “पानी आलं की बेडूक येतंय. मेंढरं राखनाऱ्याला येवढं कळतंय.”

“मग आधी का नाही बोललात?” धम्मप्रियानं विचारलं.

“पोरीला बरं वाटावं म्हनून, बाई.”



महाराज त्याच दुपारी गाव सोडून गेले. टेंभुर्णीकडं आता कुठल्या दगडाला घाम फुटतोय, असं ऐकू येतं.

“नवी जात म्हणजे काल आभाळातून पडलेली नव्हे,” धम्मप्रिया उरलेल्यांना म्हणाली. “हा बेडूक तुमच्या पणजोबांच्या आधीपासून इथंच आहे. आपण पाहिलं नव्हतं, इतकंच. नवल वाटलं तर जरूर वाटू द्या, पण हात जोडायच्या आधी चार दिवस नीट बघा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.”

गोजाबाईनं पदराची गाठ सोडली. गोळ्यांची पट्टी तशीच होती.

“ह्यातली कुटली द्यू आता?”

“डॉक्टरलाच विचारू. चला,” म्हणत धम्मप्रियानं स्कूटी सुरू केली आणि पूनमला मधे बसवलं.