खिळ्यावरची कानस

भट्टीच्या भिंतीवर, भात्याच्या जरा वर, एका खिळ्याला वीतभर कानस टांगलेली होती. वडील असेपर्यंत तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. धाकट्या लेकीला त्यांनी सगळं काम शिकवलं, हातचं काही राखलं नाही. पण कानशीचा विषय निघाला की ते बहिरे व्हायचे. ते जाऊन वर्ष झालं, भट्टी धाकटीकडे आली, तरी कानस आपली तिथंच होती.

वडिलांच्या वस्तऱ्यांचं एकच गिऱ्हाईक आता उरलं होतं: त्यांचे जुने दोस्त, कोपऱ्यावरचे न्हावीकाका. त्यांचा वस्तरा धार लावून लावून इतका झिजला होता की पात्यापेक्षा मूठच जास्त दिसायची. काकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, एक नवा करून दे. चालला तर पुढचे सगळे तुझ्याकडूनच घेईन, नाही तर मी आपला पाती बदलायचा वस्तरा आणतो. तसं झालं तर धाकटीच्या नशिबी जन्मभर दाराच्या बिजागऱ्या होत्या. बिजागऱ्यांचा तिला मनापासून वीट आला होता.

असल्या वस्तऱ्यात मधोमध कडक पोलादाची पट्टी आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड घेऊन तिन्ही एकजीव करतात. लोखंड कुठलंही चालतं, खरी मेख पोलाद निवडण्यात. तुकडा तापवायचा, विझवायचा, मोडायचा आणि मोडलेल्या तोंडावरचे कण बघायचे. धाकटीने ट्रकच्या कमानीचा पाटा मोडून बघितला. कण भरड निघाले. एका जुन्या बेअरिंगचा तुकडा मोडला. त्याचे कण पिठासारखे बारीक होते. शहाण्या माणसाने इथं थांबायला हवं होतं.

पण तिची नजर खिळ्याकडे गेली. बाबा एवढं जपायचे, म्हणजे त्यांच्या वस्तऱ्यांचं गुपित हेच, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. तिने कानस काढली आणि न मोडता अख्खी तापवून तिची पट्टी केली. बाबांच्या वस्तूची परीक्षा घ्यायची तिला लाज वाटली. पाणी दिल्यावर पातं कडक झालंय का, हेही तिने तपासलं नाही. तीन दिवस खपून तिने वस्तरा केला, आणि तो दिसायला देखणा झाला.

चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी काका भट्टीत आले. आरसा खिडकीत टेकवून त्यांनी स्वतःच्याच तोंडाला फेस लावला. डावा गाल झकास झाला. हनुवटीशी वस्तरा ओढायला लागला, आणि काका थांबले. पातं पुसून त्यांनी ते नखावर हलकेच टेकवलं.

"धार वळली," ते म्हणाले. "पोलाद कुठलं घेतलंस?"

धाकटीने मोकळ्या खिळ्याकडे बघितलं. काकांनीही बघितलं, आणि मग ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्यांनी सांगितलं ते असं. वडील भट्टीत नवे होते तेव्हा एका फिरत्या विक्रेत्याने त्यांच्या गळ्यात दोन कानशी मारल्या. त्या नुसत्या वरून कडक होत्या, आत सगळा मऊपणा. वडिलांनी न मोडताच त्यातल्या एकीचा वस्तरा केला, काकांसाठी पहिलाच, आणि तोही हनुवटीशीच अडला. उरलेली कानस त्यांनी भिंतीला टांगली, पुन्हा विसर पडू नये म्हणून.

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांचा रागही आला.

"मला सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"स्वतःची फजिती लेकीला कोण सांगतं, पोरी?"

तिने काकांचा जुना वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला आणि उरलेल्या गालासाठी पुढे केला. आपण केलेला नवा वस्तरा हाच आपला शेवटचा, असं तिने मनाशी धरूनच टाकलं होतं. काकांनी जुना वस्तरा घेतला नाही. उजव्या गालावरचा फेस त्यांनी पाण्याने धुऊन टाकला. खाली पांढरे खुंट तसेच होते.

"हा गाल राहू दे. तुझ्या बापाच्या वेळीही दुसरा वस्तरा होईपर्यंत आठ दिवस असाच हिंडलो होतो."

धाकटीने फळीवरून बेअरिंग काढलं. न्हावीकाका अर्धी दाढी घेऊन भर रस्त्यातून दुकान उघडायला गेले.