मुंग्यांच्या पुस्तकातील चौदावे पान

पुस्तकबांधणी करणाऱ्या काकांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झाले होते. तथापि जन्मभर पुस्तकांना खळ लावता लावता वाचनाचा नाद त्यांच्या अंगी भिनला होता. शाळेतून दुरुस्तीस आलेल्या, मुंग्यांची माहिती देणाऱ्या एका पुस्तकाचे चौदावे पान गहाळ झालेले पाहून त्यांचा जीव हळहळला. असे अपंग पुस्तक लेकरांच्या हाती कसे द्यावे? अखेरीस त्यांनी स्वहस्ते, छापल्यासारख्या अक्षरांत, ते पान लिहून काढले आणि गुपचूप शिवून टाकले.

पुस्तक पोचते करावयास ते गेले, तेव्हा दुसरीच्या वर्गात बाई लेखनाचे दोन प्रकार शिकवीत होत्या. एक माहितीचे, दुसरे कल्पनेचे. बाईंनी काकांना कौतुकाने खुर्ची दिली आणि माहितीचा नमुना म्हणून नेमके तेच पुस्तक उघडले. काका खुर्चीच्या कडेला सरकले. शाळेची सारी बांधणी वीस वर्षे बाई डोळे मिटून त्यांच्यावर सोपवीत आल्या होत्या. आता तो विश्वास गेला, तर या वयात तोंड कुठे लपवावे?

मुंगीला सहा पाय असतात, हे मुलांनी मान्य केले. ती स्वतःपेक्षा जड ओझे उचलते, हेही मान्य झाले. मग चौदावे पान आले. त्यात मागची मुंगी पुढच्या दमलेल्या मुंगीस म्हणत होती, ‘अगं बाई, एवढं एकटीनं वाहतेस? आण इकडे अर्धं.’

दोन वेण्यांची एक चिमुरडी उठून उभी राहिली.

“बाई, पाय मोजता येतात. पण हे ऐकलं कुणी?”

मागच्या बाकावरून कुणी तरी सुचविले की मुंगीचा नवरा तिथेच असेल. वर्ग हसला. काका मात्र शिक्षेस पात्र विद्यार्थ्यासारखे उभे राहिले.

“ते पान माझं आहे, बाई. मूळचं हरवलं होतं. मला मुंग्यांचं काही ठाऊक नाही.”

बाईंनी ओठांवरचे हसू आवरले आणि ते पान सोडवावयास सांगितले. काकांनी खिशातील सुरीने अलगद दोरा कापला. ते पान घडी करून खिशात घालणार, इतक्यात चिमुरडीने त्यांची बाही धरली.

“मग पुढचीनं दिलं का अर्धं ओझं?”

काका गोंधळून बाईंकडे पाहू लागले. बाईंनी कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून त्यांच्या हाती ठेवला.

“लिहा, काका. फक्त हे वेगळं शिवा.”