दोन भावांत वाटला गेलेला रंधा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. तुमच्या डोळ्यांसमोर हातात धरायचा लाकडी रंधा आला असेल, तर तो मी नव्हे. मी सहाशे किलो वजनाचा, बीडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, मोटरवर चालणारा आहे आणि माझ्या एका अंगात पाच यंत्रं आहेत. एका बाजूला गोल करवत, वर फळी सपाट करणारी पाती, त्याखाली फळी सगळीकडे सारख्या जाडीची करायची सोय, मागे कडेवर नक्षी काढणारा दांडा आणि उजवीकडे चौकटींना खाचा पाडायचं छोटं टेबल. जागा कमी आणि कामं फार, अशा सुतारांसाठी मला बनवलं होतं.

माझा जन्म बेल्जियममधल्या एका कारखान्यात १९५९ साली झाला. तिथल्याच पश्चिम फ्लँडर्स प्रांतातल्या एका खेड्यातल्या कामील वांड्रोम या सुतारानं मला विकत घेतलं. मला गाडीवरून उतरवताना तो मुलांना म्हणाला होता, "हा तुम्हा दोघांचा. एकट्याचा कोणाचाच नाही." थोरला ओडील तेवीस वर्षांचा होता, धाकटा रेमी वीसचा. ओडील मोजून-मापून काम करणारा. पेन्सिल कानावर ठेवायचा आणि दिवसभरात शंभर शब्दही बोलायचा नाही. रेमी करवतीच्या आवाजावर आवाज चढवून गायचा, आणि रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली की कॅफेत बसून दोन ग्लास बिअर जास्तच प्यायचा. पण सोमवारी सकाळी सात वाजता तो माझ्यापुढे उभा असायचा आणि त्याचा हात कधी थरथरायचा नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण तो हात रोज माझ्यावर असायचा.

सत्तावीस वर्षं आम्ही तिघांनी काम केलं. आसपासच्या शेतघरांचे जिने, खिडक्या, गोठ्यांची दारं, शाळेचे बाक, सगळं माझ्यावरून गेलं. कामील वारला तेव्हा त्याची शवपेटीसुद्धा दोघा भावांनी माझ्यावरच तयार केली. लोक म्हणायचे, वांड्रोमांच्या खिडकीतून वारासुद्धा परवानगी घेऊन येतो. ते ऐकून मला फुगल्यासारखं व्हायचं.

मग १९८६ सालचा मार्च आला.

त्यातल्या एका सोमवारी सकाळी ओडीलला शाळेच्या दारासाठी एक रुंद फळी सपाट करायची होती. माझ्या पात्यांवर एक झाकण असतं, हात तिथपर्यंत पोचू नये म्हणून. फळी त्याखाली मावेना, म्हणून ओडीलनं ते झाकण काढलं. फळी झाली. तेवढ्यात घरातून फोनसाठी हाक आली आणि तो गेला. झाकण तसंच खिडकीत राहिलं. दहा मिनिटांनी रेमी ओकचा एक आखूड तुकडा घेऊन आला. तो गातच होता. तुकडा उडाला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मी घेतली.

पाती माझी होती. मित्रांनो, मी हे लपवत नाही.

विम्याचा माणूस आठवड्याभरानं आला. त्यानं माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि झाकणाबद्दल विचारलं. झाकण तोवर ओडीलनं परत जागच्या जागी बसवलेलं होतं. ओडील खाली बघत म्हणाला, "झाकण असतंच. त्यानंच काढलं असेल." त्या माणसानं मग रविवारच्या बिअरबद्दल विचारलं. ओडील म्हणाला, "कॅफेत विचारा." एवढंच. त्यानं खोटं बोलायला तीन वाक्यं वापरली, त्यातलं शेवटचं तर खोटंही नव्हतं.

गाव काय ते समजलं. रेमी दवाखान्यातून परत आला तोवर त्याच्या मागे 'दारुडा' हा शब्द चिकटला होता. भावानं काय सांगितलं ते त्याला कळलं. तो कार्यशाळेच्या दारात उभा राहिला, ओडीलकडे पाहत राहिला. ओडील फळीवर रेघ मारत होता. ती एकच रेघ तो पुन्हा पुन्हा मारत राहिला. शेवटी रेमी निघून गेला. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

वाटणीत घर आणि कार्यशाळा रेमीला मिळाली, ओडीलला जमीन. राहिलो मी. दोघांचा होतो ना. एका सकाळी ओडील नट सोडवायचे पाने आणि दोन लाकडी पेट्या घेऊन आला. खाचांचं टेबल, नक्षीच्या दांड्याची आडपट्टी, फळीची जाडी ठरवायचं हँडल, पात्यांवरचं झाकण, सगळं त्यानं एकेक करून सोडवलं. रेमी हात खिशात घालून दारातून बघत होता. तो म्हणाला, "ने. अर्धा मला, अर्धा तुला. बघू कोण काय करतं ते." ओडीलनं पाने गोळा केले. पेट्या गाडीत ठेवल्या आणि सात किलोमीटरवरच्या गावात राहायला गेला. पुन्हा आला नाही.

मग तीस वर्षं मी उभा राहिलो. रेमी विटांच्या कारखान्यात फाटकावर नोकरीला लागला. घरी त्यानं शर्यतीची कबुतरं पाळली. माझ्या टेबलावर दाण्यांची पोती आणि कबुतरं न्यायच्या वेताच्या टोपल्या आल्या. गंज चढला. विष्ठेनं बीड खाल्लं जातं, हे तुम्हाला माहीत नसेल. रेमी कधी माझ्याकडे बघायचा नाही, पण त्यानं मला विकलंही नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला.

रेमीचे गुडघे गेले तेव्हा तो बहिणीच्या मुलीकडे तळमजल्यावर राहायला निघाला आणि घर रिकामं करायची वेळ आली. तेव्हा मार्लीन आली.

मार्लीन कालेन्स पन्नाशीची बाई. वीस वर्षं ती गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात फिरत्या पट्ट्यापाशी उभी होती. कारखाना बंद पडल्यावर तिनं सुतारकाम शिकून घेतलं. जुन्या शेतघरांच्या खिडक्या दुरुस्त करून पोट भरायचं असं तिनं ठरवलं होतं, आणि नवीन यंत्र तिला परवडण्यासारखं नव्हतं. तिच्या भावाचं मत होतं की तिनं त्यापेक्षा एखाद्या दुकानात उभं राहावं. म्हणजे माझ्यावर तिचं सगळंच पणाला लागलेलं होतं. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीवर बांधून तिनं मला आपल्या रिकाम्या गोठ्यात नेलं.

काम करताना ती माझ्याशी बोलायची. पुढचं सगळं मला त्यामुळेच कळलं. तिनं माझा नट न नट सोडवला. जुन्या चादरी जमिनीवर पसरून त्यावर तुकडे मांडले आणि प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी लावली. काही चिठ्ठ्यांवर नावं होती. बऱ्याच चिठ्ठ्यांवर फक्त 'हे काय?' असं लिहिलेलं होतं. रॉकेलनं घासून तिची नखं काळी झाली. पट्टा ताणायची कडी तिनं दोनदा उलटी बसवली. एक स्प्रिंग लावलेला लोखंडी कोपरा तर तिला काही केल्या कळेना. तो दोन महिने तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. आणि माझ्या अंगावर आठ भोकं अशी होती, ज्यांत काय बसायचं तेच तिच्याकडे नव्हतं.

ती रेमीला विचारायला गेली. बाकीचे तुकडे कुठे आहेत? रेमी म्हणाला, "देवाघरी गेले." तिनं हसून विषय सोडला. पण कॉफीचा कप घेताना त्याचा डावा हात खिशाबाहेर आला, आणि तिनं तो पाहिला.

शेवटी तिनं त्या कोपऱ्याचा फोटो बेकरीच्या काचेवर चिकटवला. बेकरीवाली म्हणाली की दुसऱ्या वांड्रोमला का विचारत नाहीस. मार्लीनला दुसरा वांड्रोम आहे हेच माहीत नव्हतं.

ओडीलनं दार उघडलं, फोटो हातभर लांब धरला आणि चष्मा न घालताच म्हणाला, "खाचांच्या टेबलाखालचा आहे. डावीकडचा. फोटोत तू उलटा धरलायस, पोरी." मग तो तिला जिन्याखाली घेऊन गेला. दोन्ही पेट्या तिथे होत्या. प्रत्येक तुकडा तेलकट कापडात गुंडाळलेला, वर वर्तमानपत्र, त्यावर बारीक अक्षरात नाव. एकाही तुकड्यावर गंज नव्हता. दर वर्षी सर्व संतांच्या सणाला, आईवडिलांची कबर धुऊन आल्यावर, तो पेट्या उघडून सगळ्याला तेल लावायचा. तीस वर्षं. मार्लीन मला सांगत होती की ते बघून तिला रडू आलं.

झाकण दुसऱ्या पेटीत तळाशी होतं. ते हातात घेऊन ओडील पायरीवर बसला. तिनं काही विचारलं नव्हतं. तो आपणहून म्हणाला, "हे मी काढलं होतं. त्यानं नाही." मग त्यानं सगळं सांगितलं. ऐंशी वर्षांच्या माणसानं एका अनोळखी बाईला सांगितलं.

तुकडे त्यानं फुकट दिले. अट एकच होती. यंत्र पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा रेमी तिथे असला पाहिजे. "मी त्याला तोंडानं सांगीन," असं तो म्हणाला. मार्लीन कबूल झाली. तिला तुकडे हवे होते, आणि खरं सांगायचं तर दोन म्हाताऱ्यांना एकत्र आणणारी होण्याची हौसही होती. रेमीला तिनं फक्त यंत्र बघायला बोलावलं. ओडीलचं नाव काढलं नाही.

तो मे महिन्यातला शनिवार होता. मार्लीननं मला हिरवा रंग दिला होता, टेबलं आरशासारखी घासली होती. भोक न भोक भरलं होतं. नटलेल्या नवरीसारखा मिरवत मी उभा होतो, असं म्हणेन तर खोटं ठरेल. मला भीती वाटत होती. ओडील लवकर आला. अंगात चांगला कोट होता. तो स्टुलावर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड फिरवत राहिला. मार्लीननं तांदळाच्या खिरीचा टार्ट केला होता, त्याला त्यानं हात लावला नाही.

रेमी काठी टेकत आला. भावाला बघून तो थांबला. मला वाटलं परत फिरेल. पण तो आत आला आणि माझ्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. तीस वर्षांनी ते दोघे एकमेकांपासून दोन मीटरवर होते, मध्ये मी.

मार्लीननं बटण दाबलं. पट्टा ताणला गेला, पाती फिरू लागली. मी चाललो, मित्रांनो. ओडील उभा राहिला. त्याचं तोंड उघडलं. रेमी त्याच्याकडे बघत होता. टोपी त्यानंही काढली होती.

ओडील म्हणाला, "डावीकडचं बेअरिंग वाजतंय."

मार्लीननं मला बंद केलं. पाती हळूहळू थांबली.  मग रेमीनं आपला तीन बोटांचा हात माझ्या झाकणावर ठेवला. ते अजून तेलकट होतं. त्यानं बोटांचा वास घेतला.

"दर वर्षी तेल लावलंस म्हणे," तो म्हणाला. मार्लीननं बेकरीवालीला सांगितलं होतं, बेकरीवालीनं त्याला. "लोखंडाला. हात कसा आहे म्हणून एकदा तरी विचारायचंस."

ओडील खाली वाकून बेअरिंग बघत होता. तो वाकलेलाच राहिला.

रेमी निघाला. मार्लीन त्याच्यामागे फाटकापर्यंत धावली आणि तिनं सगळं सांगून टाकलं, झाकण कोणी काढलं ते, विम्याच्या माणसापुढे काय झालं ते. रेमी म्हणाला, "हे मला कोण सांगणार, पोरी? मी प्यायलो नव्हतो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? मी तो सांगेल म्हणून थांबलो होतो." मग तो गाडीत बसला.

ओडील पुढच्या आठवड्यात नवं बेअरिंग घेऊन आला आणि स्वतः बसवून गेला. सुरेख बसवलं. आता अजिबात आवाज येत नाही. नोव्हेंबरात तो वारला. रेमी दफनाला गेला नाही. दोन वर्षांनी तोही गेला.

मी चांगला चालतोय. मार्लीनच्या खिडक्यांना मागणी आहे, भावाचं तोंड बंद झालंय. वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता. लोक बघायला येतात, माझ्या जुन्या भागांवरून हात फिरवतात आणि म्हणतात, कोणीतरी फार मायेनं जपलंय हो. मार्लीन सुरुवातीला त्यांना सगळी गोष्ट सांगायची. आता ती नुसतं 'हो' म्हणते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं आपली कहाणी संपवताना तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. आम्हाला तेल द्या, फेकू नका, असं. मी ते मागणार नाही. कोणाशी वाईट वागला असाल तर आधी त्या माणसाकडे जा आणि बोला. माझ्याकडे नंतर या. तोवर मला गंज चढला तरी चालेल, तो घासून निघतो.

पण मला ठाऊक आहे, तुम्ही आधी माझ्याकडेच याल. तेलाचं फडकं घेऊन याल. माझ्याकडे येणं सोपं असतं. मी काही विचारत नाही.