शिलाईच्या दुकानातला पुठ्ठ्याचा मोबाईल

मी पुठ्ठ्याचा मोबाईल बोलतोय. हसू नका. मला घंटी नाही, बॅटरी नाही, कुणाचा फोन म्हणून येत नाही. त्यामुळे दुसऱ्यांचं बोलणं ऐकायला मला भरपूर वेळ असतो. आणि खरं सांगू का, ऐकायची मला आवडच आहे. कुणाच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म बुटांच्या खोक्याच्या झाकणातून झाला. शाळेतली कॉम्प्युटरची खोली, नववीचा वर्ग, दुपारचा तास. मुलं धावत येऊन बसली, बटणाकडे बोटं गेली, तोच मॅडम म्हणाल्या, "कुणीही कॉम्प्युटर चालू करायचा नाही. आज पुठ्ठा कापायचाय."

"मॅडम, हा कॉम्प्युटरचा तास आहे की बालवाडी?" मागून कुणीतरी विचारलं.

"बालवाडीत नीट कापायला शिकला असशील तर आज उपयोगी पडेल," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. यंदा कॉम्प्युटर, डिझाइन आणि व्यवसाय हे तिन्ही विषय एकत्र शिकायचे. जोडीजोडीनं ओळखीतलं, कामधंदा करणारं एक माणूस निवडायचं, त्याची अडचण हुडकायची आणि त्यासाठी मोबाईलवरचं अ‍ॅप आखायचं. पण आधी पुठ्ठ्यावर. ज्या जोडीचं पुठ्ठ्यावर चालेल, तिचंच अ‍ॅप सगळा वर्ग मिळून खरं बनवणार.

मला जिनं कापलं, तिला वर्गात घाईताई म्हणतात. तुमचा प्रश्न संपायच्या आत हिचं उत्तर तयार. माझी उजवी कड तिरकी आहे, ती तिच्याच कृपेनं. पोटात तिनं चौकोनी खिडकी कापली आणि बाजूला फट ठेवली. फटीतून कागदी पट्टी सरकवली की खिडकीत नवं चित्र दिसतं. पट्टी सरकवायचं काम तिच्या मैत्रिणीचं, चष्मिशचं. म्हणजे अंग माझं, मेंदू चष्मिशचा.

घाईताईनं माणूस निवडलं ते म्हणजे तिची सख्खी मावशी. राहत्या घराच्या खालीच मावशीचं शिलाईचं दुकान. एक मशीन, एक लांब फळी, भिंतीला आरसा आणि जिकडे पाहावं तिकडे कपड्यांची गाठोडी. पूर्वी दिवसाला तीन-चार कपडे यायचे, ते मावशीच्या डोक्यात मावायचे. आता काम वाढलं आणि डोकं तेवढंच राहिलं. गेल्या महिन्यात एका बाईंचा ब्लाउज दुसऱ्याच बाईंना गेला. त्या बाईंनी दुकानात उभं राहून जे काही सुनावलं, ते रस्त्यापलीकडच्या न्हाव्यानं वस्तरा थांबवून ऐकलं म्हणे. तेव्हाच मावशीनं ठरवलं होतं आणि दुकानाच्या मालकालाही कळवलं होतं. पहिल्या तारखेला दुकानाची किल्ली मालकाला परत करायची आणि कारखान्यात शिवायला जायचं. तिथं कुणाचा कपडा कुणाला द्यायची भानगड नाही.

घाईताईला ते मुळीच मान्य नव्हतं. मावशीचं दुकान बंद म्हणजे तिच्या लेखी घराचा एक खांब काढल्यासारखं.

मॅडमनी मावशीला विचारायला चाळीस प्रश्न लिहायला सांगितले होते. घाईताईनं ते एका संध्याकाळी लिहिले आणि त्याच संध्याकाळी उत्तरंही स्वतःच भरली. "मावशीला काय विचारायचं? मी तिला जन्मापासून ओळखते!" मी तिथंच पडलो होतो. मला तोंड असतं तर बोललो असतो, पण तेव्हा फक्त खिडकी होती.

माझ्या खिडकीत तिनं स्वतःला ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकांच्या नावांची यादी काढली. अगदी ओळीनं, अक्षराप्रमाणे. नाव निवडा, माप दिसेल, तारीख दिसेल. दिसायला झकास.

मग पहिली परीक्षा. वर्गाचा नियम असा की माणूस वापरत असताना बनवणाऱ्यानं हात मागे बांधायचे आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. घाईताईनं हात बांधले. तोंड तेवढं राहिलं.

"तिथं नाही मावशी, वरचं दाब! अगं वरचं! हां, आता ते निळं!"

मावशीनं जिथं सांगितलं तिथं बोट लावलं, चष्मिशनं पट्ट्या सरकवल्या आणि वहीत नोंद झाली : 'सर्व जमले.' चष्मिशनं दुसऱ्या दिवशी ती वही मॅडमसमोर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, जमलं. पण बोट मावशींचं होतं आणि डोकं हिचं."

मॅडम रागावल्या नाहीत. त्या दुपारी स्वतःच दुकानात आल्या. "मावशी, तुमचं काम चालू द्या. कुणी आलं तर यातून शोधा. आम्ही मुक्या."

थोड्या वेळानं एक बाई शिवलेला कपडा न्यायला आल्या. मावशीनं मला हातात घेतलं. खिडकीत नावं. मावशी नावांकडे बघतेय, बाईंकडे बघतेय, पुन्हा नावांकडे. घाईताईनं ओठ दातांत दाबले होते. चष्मिशचा हात पट्टीवर थांबलेला. आरशात सगळ्या जणी पुतळ्यासारख्या उभ्या. मला तर वाटलं, मीच ओरडून सांगावं.

शेवटी मावशीनं मला फळीवर ठेवलं, गाठोड्यांत दोन्ही हात घातले आणि कसाबसा कपडा शोधून दिला. बाई गेल्या. मावशी स्टुलावर बसली.

"मला नाही जमायचं गं हे. मी अडाणी. तुम्ही पोरी उगीच माझ्यापायी राबताय."

घाईताईचे डोळे भरले. "मावशी, फक्त नाव तर शोधायचं होतं!"

"कुठून शोधू? त्यांचं नाव मला ठाऊक असेल तेव्हा ना!"

"म्हणजे?"

"आठ वर्षं त्यांचे कपडे शिवतेय. आता कोणत्या तोंडानं विचारू, बाई तुमचं नाव काय? लाजच वाटते."

"मग तुझ्या लक्षात कशा राहतात त्या?"

"हिरव्या ठिपक्यांची बाई. मघाशी आल्या त्या. परवाची ती जाड निळ्या कापडाची. आणि तो उंच, करड्या रेघांचा."

मॅडम हळूच म्हणाल्या, "मावशी, तुमची काहीच चूक नाही. चूक या कागदाची आहे."

घाईताई गप्प. बरं का, आयुष्यात पहिल्यांदा! मग तिनं वही उघडली, आपण भरलेल्या चाळीस उत्तरांवर काट मारली आणि मावशीच्या पायाशी बसली. "आता तू सांग. मी नाही बोलत."

मावशी आधी लाजली. मग तिनं जमिनीवरचे कपड्यांचे तुकडे गोळा केले, हिरवे ठिपके, करड्या रेघा, जाड निळं, आणि माझ्या खिडकीवर ओळीनं मांडले. "असं दिसलं की मला कळेल. नाव काय करायचंय?"

चष्मिशनं धावत जाऊन डिंक आणला.

त्या आठवड्यात माझ्या पट्ट्या चार वेळा बदलल्या. पाचव्या वेळी मॅडम पुन्हा आल्या. करड्या रेघांचा उंच माणूस दारात उभा राहिला, मावशीचं बोट थेट त्याच्या कापडावर गेलं, पट्टी सरकली, माप दिसलं, आणि कपडा फळीवर कुठे आहे तेही. कुणी चकार शब्द काढला नाही. मावशीनं कपडा काढून दिला आणि आमच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "चहा घेणार का गं?"

पहिल्या तारखेला मालक किल्ली न्यायला आला. मावशी मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "राहू द्या, दादा. अजून आहे मी इथं."

खरं अ‍ॅप बनवायला वर्गाला पुढे दोन महिने लागले. कापड आलं की फोटो काढायचा, फोटोवर बोट लावलं की माप. सुरुवातीला ते दाराच्या पडद्याच्या मापातही बाह्या दाखवायचं, पण मुलांनी ते दुरुस्त केलं. मावशी आता खऱ्या मोबाईलवर काम करते. त्या मोबाईलचा मला आधी हेवा वाटायचा, पण तो संपला, कारण मावशी दर महिन्याला एकदा शाळेत येते. मॅडमनी तिला बोलावलंय. नवी मुलं आपापले पुठ्ठे तिच्यासमोर ठेवतात, हात मागे बांधून उभी राहतात, आणि मावशी चष्मा सावरून ठणकावते, "मला कळत नाही. नीट कर, पुन्हा आण." पोरं निमूटपणे परत जाऊन बसतात.

मी तिथंच, कॉम्प्युटरच्या खोलीत टेबलावर असतो. माझी फट फाटली, तिला दोनदा चिकटपट्टी लावली, हिरव्या ठिपक्यांचा तुकडा अर्धा सुटलाय. एखाद्या वर्षी रद्दीत जाईन, त्याचं काही वाटत नाही. नव्या पोरांना मात्र एवढंच सांगणं आहे : ज्याच्यासाठी करताय त्याला आधी खुर्ची द्या, त्याच्या हातात पुठ्ठा द्या, आणि तो अडखळला की लगेच धावू नका. तो काय करतो ते बघा.