ब्रेझ्नाचे पान

मठात कोरी चर्मपत्रे सत्तर उरली होती. त्यांतल्या तीन पानांना भोके होती, एकाचा कोपरा उंदराने कुरतडलेला. थोरल्या राजाच्या चरित्राला बहात्तर लागणार होती. त्याला संत ठरवायचे होते, म्हणजे जन्मापासून थडग्यापर्यंत काही गाळायची सोय नव्हती.

चरित्र लिहिणाऱ्या भिक्षू एफ्रेमने अक्षर बारीक केले. पाने कमी पडली की मठात जुन्या पानांवरची शाई खरवडून तीच पुन्हा वापरत, आणि आता खरवडण्याजोगी एकच वही होती, मृतांच्या नावांची. ती नावे दर शनिवारी वेदीपुढे वाचली जात. वहीत नाव नाही त्याला प्रार्थनाही नाही. शेवटच्या पानावर ब्रेझ्ना गावातली त्रेचाळीस माणसे होती. ते गाव याच राजाने जाळले होते. अकरावे नाव एफ्रेमच्या आईचे, बारावे बहिणीचे.

"मुंगीनं लिहिलंय की काय रे?" मठाधिपती गेरासिमबाबांनी पान डोळ्यांशी नेले. "राजा आहे तो, चोर नव्हे. दडवतोस कशाला?"

"वाचता येतंय ना, बाबा?"

"येतंय. डोकं दुखतं एवढंच."

चरित्र बरोबर सत्तर पानांत संपले. एफ्रेमने पाने दोनदा मोजली आणि त्या दिवशी घेवड्याचा रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

तिसऱ्या दिवशी धाकट्या राजाचा कारभारी आला. "झकास! फक्त ब्रेझ्नाचा चमत्कार राहिलाय."

"कसला चमत्कार?"

"तिथं आग लागली होती ना? थोरल्या महाराजांनी गुडघे टेकले, रडले, आग विझली. माणूस दगावला नाही. धाकट्या महाराजांना स्वप्नात दिसलं."

"मी ब्रेझ्नाचाच आहे."

"मग तर उत्तमच! साक्षीदार घरातच."

तो गेल्यावर बाबांनी मृतांच्या वहीचे शेवटचे पान उघडले. एफ्रेम म्हणाला, "बाबा, या त्रेचाळीस जणांसाठी प्रार्थना करणारं दुसरं कुणी उरलेलं नाही."

"मठाची जमीन राजाची, डोक्यावरचं छप्पर राजाचं. तुझ्या आईचं नाव देवाला ठाऊक आहे."

"मग आपण वाचतो कशाला?"

बाबांनी खरवडायच्या चाकूची धार अंगठ्यावर पाहिली आणि चाकू त्याच्या हातात दिला.

एफ्रेमने खालून सुरुवात केली, म्हणजे आईचे नाव उशिरा येईल. शाई खोल मुरलेली होती. तरी दुपारच्या घंटेआधी पान कोरे झाले. चमत्कार चोवीस ओळींत बसला.

मृतांच्या वाचनाला दर शनिवारी दोन बोटे मेणबत्ती जळे. त्या शनिवारी दीड बोट जळली.