दोन सेंटांचं टेबल

श्रेयस इंजिनिअरिंगला कॅनडाला गेला त्याला दोन वर्षं होत आली, आणि या दोन वर्षांत त्याचं बोलणं आटत आटत तळाला गेलं. आधी अर्धा तास, मग दहा मिनिटं, आणि हल्ली तर ‘जेवलो, ठीक आहे, बाय’. कतारमधल्या उम्म सलालच्या आपल्या दोन खोल्यांत पूर्णिमा हेडफोन घालून कॉम्प्युटरसमोर बसून राहायची आणि पलीकडे नुसता माऊस वाजायचा. पोटचं पोर, पण त्याच्या मनात काय चाललंय याचा थांग लागेना. तिला एकच हवं होतं, त्यानं बोलावं. काय वाट्टेल ते, पण बोलावं.

एका सकाळी पूजा आटोपून ती बसली. त्याच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते.

“हे टिकटिक काय करत असतोस रे?”

“काही नाही. पोकर. ऑनलाइन.”

“म्हणजे जुगार?”

“एक-दोन सेंटचं टेबल आहे, आई. महिन्यापूर्वी पाच डॉलर भरले, अजून चार आहेत. मीपण शिकतोच आहे.”

एरवी तिनं तासभर ऐकवलं असतं. पण आज तिनं जीभ आवरली. रागावलं तर उरलंसुरलं ‘बाय’सुद्धा जायचं.

“दोन गोष्टी ऐक,” ती हळूच म्हणाली. “ते पाच संपले की खेळ संपला, पुन्हा भरायचे नाहीत. आणि इथे याला बंदी आहे, मी या घरातून ते उघडणार नाही. तू खेळ, मला पानं सांगत जा. मला शिकव.”

 मग तो चक्क हसला. “तू? पोकर?”

“मेंढीकोटात माझा हात धरणारं कुणी नव्हतं मिरजेत. विचार तुझ्या मामाला.”

तिनं कपाटातून पत्ते काढले. तो सांगेल ती पानं ती जेवणाच्या टेबलावर मांडू लागली. आपली दोन, मग मधली पाच, सगळ्यांची मिळून. एवढं तिला लगेच समजलं.

“सेव्हन ऑफ स्पेड्स, टू ऑफ हार्ट्स.”

“इस्पिक सत्ती, बदाम दुर्री,” तिनं मांडली. “आता?”

“आता टाकली.”

“टाकली? न खेळता?”

“सगळ्यात वाईट हात आहे तो, आई.”

“अरे, पण वाटणीला आलीत ना आपल्या? आली तशी खेळायची!”

“मेंढीकोटात टाकता येत नाहीत. इथे येतात. दहातले आठ हात टाकायचेच असतात.”

तिच्या ते पचनी पडलं नाही. वाढलेल्या ताटावरून उठल्यासारखंच वाटलं तिला.

तिसऱ्या दिवशी राजांची जोडी आली. टेबलावर श्रेयसच्या बरोबर समोर ‘मूस’ नावाचा कुणी बसायचा, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या मूसनं पैसे लावले आणि श्रेयस वाढवायला निघाला.

“थांब, थांब! त्याचा हात कशाला मारतोस? आपला भिडू आहे ना तो!”

“कोण भिडू?”

“समोर बसलाय तो.”

श्रेयसला आधी कळेना. कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याची खुर्ची करकरली. मेंढीकोटात समोरासमोरचे दोघे भिडू. आई बिचारी तीन दिवस एका परक्या माणसाला जपत होती!

“म्हणून तू म्हणत होतीस, मूसला घेऊ दे, मूसला घेऊ दे!”

“मग काय! मी त्याच्यासाठी एक्के राखायला सांगत होते.” तीही हसत सुटली.

“इथे भिडू नसतो, आई. सगळे एकेकटे.”

शेवटचा शब्द उच्चारताना त्याचं हसू संपलं होतं. तिच्या कानांनी ते बरोबर टिपलं. पण तिनं काही विचारलं नाही. “पुढची पानं सांग,” एवढंच म्हणाली.

मग रोजचंच झालं. दोन हातांच्या मध्ये तो बोलायचा. खोलीतल्या पोरानं डाळ कशी जाळली, बर्फावरून तो स्वतः कसा आपटला. कॉलेजचं नाव काढलं की मात्र “थांब, नवीन हात आलाय.” पूर्णिमा समजून होती. ती पानं मांडत राहिली. टाकायचीही सवय झाली, इतकी की पुढे पुढे त्याच्या आधी तीच म्हणायची, “टाक.”

महिन्याभरानं एकदा राण्यांची जोडी आली. मधे पडला बदाम एक्का, बदाम राजा आणि इस्पिक चौकी. समोरचा वाढवत गेला, श्रेयस देत गेला. मग चौथं पान पडलं, बदाम नव्वी. समोरच्यानं पुन्हा वाढवलं.

“टाक,” पूर्णिमा म्हणाली. “एक्का-राजा मधे, त्यात आता तिसरा बदाम.”

“राण्या आहेत, आई! आणि निम्मे पैसे घालून बसलोय.”

“घातले ते घातले. ते आता तुझे नाहीत, मधल्या ढिगातले आहेत. अजून घालायचे का, एवढंच तुझ्या हातात उरलंय.”

माऊसचा आवाज आला. “टाकली.”  आणि मग, एकही इंग्रजी शब्द न वापरता, तो म्हणाला, “आई, दोन वर्षं घातली असतील तर?”

पूर्णिमाच्या हातातली राणी हातातच राहिली. हे पत्त्यांचं नव्हतं.

“बोल,” ती म्हणाली.

तो बोलला. दोन विषय दोनदा गेले होते. वर्गात जाणं महिन्यापूर्वीच सुटलं होतं. दिवसभर लायब्ररीत नकाशांच्या खोलीत बसायचा, तिथल्या बाई त्याला जुने नकाशे लावायला द्यायच्या. त्यातलंच शिकावं असं वाटत होतं. पण सांगणार कुणाला?

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला? एकशे दोन ताप असताना तू संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत पाणी प्याली नव्हतीस. तुझ्याकडे सोडणं नसतंच, आई.”

तिला नातेवाइकांना वाटलेले पेढे आठवले, नवऱ्याच्या जादा पाळ्या आठवल्या.  तिनं देवघराकडे पाहिलं, आणि जे मनात आलं ते तसंच बोलली.

“व्रत मी माझ्या मनानं घेतलं होतं, बाळा. तू हे कुणासाठी घेतलंस?”

“तुम्ही दोघं किती खूश झाला होतात…”

“मग ते व्रत नव्हे. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून उपास धरला तर देवसुद्धा मोजत नाही.” तिनं डोळे पुसले. “सोड. पण बाबांना तू स्वतः सांगायचं. मी शेजारी बसते.”

“ते ओरडतील.”

“ओरडू देत. मी आहे ना.”

तेवढ्यात रास लफानची बस दाराशी थांबली आणि गॅस प्लांटवरची रात्रपाळी करून तिचा नवरा केरबा आत आला. जड बूट दारात काढत म्हणाला, “अजून बोलतंय व्हय पोरगं? आज सूर्य कुठं उगवला?”

“बसा इथं. आधी सगळं ऐका, मगच तोंड उघडा.” पूर्णिमानं हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर चढवला.

केरबा बसला. ऐकताना त्याच्या कपाळाची शीर ताठली. दोनदा तोंड उघडलं, दोनदा पूर्णिमानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. शेवटी त्यानं लांब श्वास सोडला.

“नापास झालास ते झालास, पण इतके दिस आमच्यापास्नं लपवलंस, ह्याचा राग हाय मला. तो जायला वेळ लागंल.” मग म्हणाला, “आनि नकाशे म्हंजे कसले रं? जमिनीचे?”

पलीकडून उत्तर आलं. लांबलचक.

“असं व्हय?” केरबानं खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. “आमच्या हितं पाइपलाइनीच्या नकाशात व्हाल्व दाखवलाय एकीकडं, सापडतोय दुसरीकडं. परवा दिवसपाळीला आम्ही तीन तास उनात वाळू उपसली. कोन काढतंय हे नकाशे, सांग बरं मला.”

श्रेयस सांगू लागला. पूर्णिमा चहा टाकायला उठली.