बुडापासून छाटणी

कात्री चालवणाऱ्याने आधी झाडाचं ऐकून घेतलं पाहिजे, हे वाक्य कात्रीसरांनी डोळे मिटून उच्चारलं आणि आधाराला बाजूच्या खांबावर हात ठेवला. खांब मांडवाचा होता. तो हलला, वरची झालर अध्यक्षांच्या डोक्यावर उतरली आणि बेरी व फळ उत्पादक संघाच्या छाटणी कार्यशाळेला हसतखेळत सुरुवात झाली.

खरं तर सरांनी झाडांचं कधीच ऐकलं नव्हतं. त्यांचं आयुष्य झाडांविषयी ऐकवण्यात गेलं होतं. ते फळबागेतले नव्हेत, फळबागांवरच्या कार्यशाळांतले माणूस. घरी एकच कुंडी होती आणि तीही बायको पाणी घाली म्हणून जिवंत होती. पण आवाज खणखणीत, कात्री परदेशी, आणि ती खिशातून काढायची ढब अशी की लोकांना नुसत्या त्या ‘खट्ट’ आवाजाने आपलं उत्पादन वाढल्यासारखं वाटे.

आजचं प्रात्यक्षिक त्यांच्या थोरल्या बहिणीच्या बागेत होतं. ताईने सगळी नोकरी इस्पितळात नर्स म्हणून केली. निवृत्तीनंतर लोकांच्या घरी जाऊन इंजेक्शनं देणं, मलमपट्ट्या करणं चालू होतं. त्यातून साठवलेल्या पैशांत तिने घरामागे रास्पबेरी लावली. येत्या उन्हाळ्यात पहिली भरघोस तोडणी होणार होती. जॅम करणाऱ्या एका बाईंनी सगळा माल आधीच सांगून ठेवला होता. ‘एकदा बाग सुरू झाली की लोकांचे जिने चढणं बंद,’ असं ताई गुडघे चोळत सगळ्यांना सांगायची.

कार्यशाळेच्या आधी तिने फोनवर सांगून पाहिलं होतं. “अरे, माझ्या झाडांची जात जरा वेगळी आहे म्हणे. रोपवाला काहीतरी सांगत होता.”

“ताई, रास्पबेरी ती रास्पबेरी,” सर म्हणाले होते. “तू फक्त चहाचं बघ.”

तिने चहाचं बघितलं. शिवाय मागच्या हंगामातल्या वाळक्या काड्याही तशाच ठेवल्या होत्या. भाऊ येऊन कापणार, तर आपण कशाला हात लावावा.

“आता बघा,” सर पहिल्या ओळीपाशी वाकून म्हणाले. “माया करायची नाही. बुडापासून.” खट्ट. “काडी जाऊ द्या, मूळ राहतं. वसंतात नवे फुटवे येतील, त्यांना फळ धरेल.”

“सगळ्याच कापायच्या? या हिरव्या, नव्या पण?” एका टोपीवाल्या बागायतदाराने विचारलं. हा प्रत्येक कार्यशाळेला येई, पुढे बसे आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवी.

“निर्दयपणे!” सर म्हणाले.

लोक हसले आणि कामाला लागले. इतक्या कात्र्या एकदम चालल्यावर बागेला वेळ किती लागणार? ताई पदर खोचून कपांचा ट्रे फिरवत होती आणि ज्याला त्याला सांगत होती, “माझा धाकटा. लहानपणी फार रडका होता हो.”

चौथ्या ओळीशी सरांनी सहज एक कापलेली काडी उचलली. हिरवी, तुकतुकीत, अभिमानाने सरळ वाढलेली. भाषणात टेकू म्हणून ती हातात धरावी, एवढाच विचार होता. नजर शेंड्याकडे गेली. शेंडा स्वच्छ होता. वाळलेल्या फळाच्या देठाचा मागमूस नाही. सरांनी दुसरी उचलली. तिचाही शेंडा कोरा. या काड्या अजून फळल्याच नव्हत्या.

रास्पबेरी दोन तऱ्हेची असते, हे सरांना ठाऊक होतं. एकीला त्याच वर्षीच्या काडीवर फळ येतं. ती बुडापासून कापली तरी चालते. सरांनी आजवर पाहिलेल्या सगळ्या बागा त्या जातीच्या होत्या, आणि कार्यशाळेत पडद्यावर दाखवायची चित्रंही. दुसरीची काडी पहिलं वर्ष नुसती वाढते आणि दुसऱ्या वर्षी फळते. तिच्या फक्त जुन्या काड्या काढायच्या, नव्या जिवासारख्या जपायच्या. ताईची येत्या उन्हाळ्याची बाग त्या क्षणी सरांच्या पायाशी आडवी पडली होती. पण अर्ध्याहून जास्त अजून उभी होती.

“थांबा” हा काही फार मोठा शब्द नाही. सरांनी तोंड उघडलंही. समोर अध्यक्ष होते, फोटोवाला होता, टोपीवाला होता.

“काय झालं सर?” टोपीवाल्याने विचारलं.

ताई ट्रे तसाच खाली ठेवून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. “चक्कर आली का रे? सकाळपासून काही खाल्लं नसेल यानं.”

“काही नाही,” सर म्हणाले. पाणी प्यायले. तोंड पुसलं. “चालू द्या.”

बाग सपाट झाली. टोपीवाला कमरेवर हात ठेवून बघत राहिला. “काय साफ दिसतंय! आम्हा सगळ्यांची रोपं ताईंच्याच रोपवाल्याकडची. उद्या घरी जाऊन माझी पण अशीच करतो.”

सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पुढचे काही महिने सरांनी ताईचा फोन वाजला की बायकोकडे द्यायला सुरुवात केली. एकदा चुकून उचलला. “फुटवे जोरात आलेत रे,” ती म्हणाली. “पण फूल कसं दिसत नाही?”

“येईल,” सर म्हणाले. आणि त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला.

उन्हाळा संपत आला तेव्हा ते एकदाचे तिच्या घरी गेले. ताई दारातच पांढरे बूट घालत होती. बाजूला इंजेक्शनची पेटी होती.

“बस. चहा ठेवते, पण मला निघायचंय. एक आजोबा आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात.”

“ताई, त्या दिवशी ना...”

“माहितीये. रोपवाला येऊन गेला. कपाळाला हात लावला त्याने. म्हणाला, कोणत्या गाढवाने कापली? म्हटलं, मीच.” तिने बुटाची नाडी ओढली. “तुला कधी कळलं?”

घरी गेल्यावर कळलं, असं म्हणता आलं असतं. वाक्य तयार होतं. पण तिच्यासमोर लहानपणापासून त्यांना एकही खोटं नीट जमलं नव्हतं.

“चौथ्या ओळीला.”

ताईचे हात थांबले. तिला बागेतल्या ओळी ठाऊक होत्या. “म्हणजे मी पाणी घेऊन आले तेव्हा.”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“लोक होते, ताई.”

“हो,” ती उठत म्हणाली. “लोक होते खरे. मीच चहाला थांबवलं होतं सगळ्यांना.”

रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं. तिने चहा दिला, कप विसळला आणि जिने चढायला निघून गेली.

संघाने त्या वर्षी मोठी परिषद भरवली. विषय होता ‘घटते उत्पादन आणि बदलते हवामान’. प्रमुख वक्ते अर्थातच कात्रीसर. या खेपेला सगळं कबूल करायचं, असं ठरवून ते घरातून निघाले होते. पहिलं वाक्य त्यांनी वाटेत पुटपुटून पाठही केलं होतं.

आधी अध्यक्ष बोलले. “दुर्दैव असं, की जे जागरूक आहेत, कार्यशाळांना नियमाने येतात, त्यांचंच नुकसान सर्वांत जास्त झालं आहे. निसर्ग किती अन्यायी आहे पाहा!”

सर उभे राहिले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. एवढ्यात टोपीवाला उठला. “सर, राग मानू नका. तुम्ही सांगितलं तसंच्या तसं केलं. एक बेरी म्हणून लागली नाही. कुठं चुकलं?”

पहिलं वाक्य सरांच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. ते बाहेर पडेपर्यंत मागच्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला.

“माझंही तसंच झालं,” ताई म्हणाली. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. “आमची जात दुसरी निघाली. नव्या काड्या ठेवायच्या होत्या. सरांना मी जात सांगितलीच नव्हती. चूक माझी आहे, सरांची नाही.”

जन्मात पहिल्यांदा तिने त्यांना सर म्हटलं होतं.

“वा!” अध्यक्ष म्हणाले. “असा प्रामाणिकपणा हवा.” टाळ्या झाल्या.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बसली होती आणि गुडघा चोळत होती. पाठ केलेलं वाक्य अजून जागेवर होतं. सरांनी ते गिळलं.

“ताईंनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला,” ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. मग त्यांनी फळ्यावर दोन काड्या काढल्या, एक फळलेली आणि एक न फळलेली, आणि दोन्ही जातींतला फरक इतका सोपा करून सांगितला की टोपीवाल्याने स्वतःच्या कपाळावर थाप मारली. “म्हणजे आम्हीच गाढव! आधी जात विचारायला नको का?”

“विचारायला हवी,” सर म्हणाले.

जेवणाच्या रांगेत ताई त्यांच्या पुढे होती. तिने दोन ताटं उचलली, एक पदराने पुसून त्यांच्या हातात दिलं आणि पुढे सरकली. सरांनी ताट दोन्ही हातांनी धरलं. लोक अभिनंदन करायला येत होते आणि हात मोकळा नव्हता, ही त्यातल्या त्यात सोय झाली.

दुपारी ठराव झाला. नुकसानीची कारणं दोन: हवामान, आणि काही अंशी उत्पादकांचं अज्ञान. अज्ञानावर उपाय म्हणून छाटणीच्या आणखी कार्यशाळा घ्याव्यात, असं एकमताने ठरलं.

त्या हंगामात बाजारात रास्पबेरी फारशी आलीच नव्हती. जे कार्यशाळेला गेले नव्हते, त्यांना भाव चांगला मिळाला.